होमलँड सिक्युरिटीचा फोन, खरा की खोटा? प्लीज लवकर सांगा

पहाट_दव
मदत हवी आहे, घाईत लिहितेय. मघाशी होमलँड सिक्युरिटीमधून फोन आला. म्हणे पत्ता बदलल्याचा फॉर्म भरला नाही, म्हणून माझ्या नावावर वॉरंट निघालंय. आज संध्याकाळपर्यंत निस्तरलं नाही तर घरी येऊन उचलणार. नंबर गूगलवर टाकला तर त्यांच्याच खात्याचा निघतो. बॅज नंबर दिला. माझं पूर्ण नाव, जुना पत्ता, नवऱ्याची कंपनी, सगळं त्याला माहीत. नवरा विमानात आहे, फोन लागत नाही. तो ऑफिसर ५ वाजता परत करणार आहे. उचलू की नको? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा.

खडूस_काका
राहता कुठे? व्हिसा कोणता? पैसे मागितले का? यातलं काहीच लिहायचं नाही आणि वर लवकर सांगा. इथे कुणी ज्योतिषी बसलेत का?

साधी_माणसं
काका, घाबरलीय ती, जरा दमानं. पहाट, उचलू नका. खोटा आहे.

नाशिकची_नीता
अगं हा तर डिजिटल अरेस्टचा प्रकार! ताबडतोब १९३० ला, सायबर हेल्पलाइनला, फोन लाव. कायद्यात असली अटक मुळात नाहीच. पंतप्रधानांनी सुद्धा ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये यावर सांगितलं होतं. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त सरांना दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवलं होतं, जेवायला उठू देईनात.

खडूस_काका
ताई, १९३० भारतात चालतो. होमलँड सिक्युरिटी अमेरिकेची.

नाशिकची_नीता
मग देश लिहायला काय झालं होतं?

पहाट_दव
डॅलस. एच-४, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर, ईएडी (कामाचा परवाना) आहे. आणि जूनमध्ये घर खरंच बदललंय, फॉर्म खरंच भरलेला नाहीये!! म्हणून तर हातपाय गळालेत. खोटा असेल तर त्याला हे कळलं कसं?

टेक्सासचा_तात्या
कळलेलं नाही. तो दिसेल त्या देशी माणसाला हेच विचारतो, कुणीतरी निघतंच ज्याचा एआर-११, म्हणजे हाच पत्त्याचा फॉर्म, राहिलाय. मी स्वतः दोनदा विसरलोय. घर बदलल्यावर १० दिवसांत यूएससीआयएसच्या (इमिग्रेशन खात्याच्या) साइटवर भरायचा असतो, फुकट, घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. उशीर झाला तर झाला, आत्ता भरा. फॉर्म राहिला हे खरं, पण त्यानं तो फोन खरा ठरत नाही.
नंबरचं म्हणाल तर स्क्रीनवर हवा तो दाखवता येतो. २०१७ मध्ये होमलँड सिक्युरिटीच्या इन्स्पेक्टर जनरल ऑफिसच्या हॉटलाइनचाच नंबर या लोकांनी वापरला होता, त्या ऑफिसला स्वतः इशारा काढावा लागला. नवऱ्याची कंपनी लिंक्डइनवर दिसते. आणि बॅज नंबर काय, मीही देतो: ४२०.

जर्सी_जोशी
मी तर असल्यांना तासभर झुलवतो. पेन आणतो म्हणून फोन ठेवून अंघोळीला जातो. मज्जा येते. ५ ला उचला आणि मराठीत सुरू व्हा.

टेक्सासचा_तात्या
जोशीबुवा, तुमची मजा तुमच्याकडे. बोलत राहिलं की नंबर चालू आहे हे कळतं आणि पुढच्या टोळीला विकला जातो. शंका असेल तर ठेवून द्यायचा आणि खात्याच्या साइटवरचा नंबर स्वतः शोधून लावायचा. त्यानं दिलेल्या नंबरवर नाही.

जर्सी_जोशी
सहा वर्षं झुलवतोय, माझा नंबर कुणी विकत घेतलेला दिसत नाही.

ग्रीनकार्ड_कधी
मी म्हणेन इमिग्रेशनचा वकील गाठा. आमच्या वेळी ४८५, ग्रीनकार्डचा अर्ज, अडकलं होतं तेव्हा...

साधी_माणसं
दादा, तिचं ४८५ नाहीये.

मीरारोडचा_बाळ्या
बोलायची ढब कशी होती? विचारतो कारण ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी आमच्या मीरा रोडला कॉल सेंटरं पकडली, ती हाच धंदा करायची. अमेरिकन नावं घ्यायची, आयआरएसचे, म्हणजे तिथल्या आयकर खात्याचे, अधिकारी म्हणून दम द्यायचा आणि गिफ्ट कार्डांवर पैसे उकळायचे. एका रात्रीत ७०० च्या आसपास पोरं ताब्यात घेतली होती. आमच्या बिल्डिंगमधला एक होता. आई सगळ्यांना सांगायची, बँकेच्या प्रोसेसला आहे.

खडूस_काका
आणि त्याला माहीत नव्हतं म्हणे आपण काय करतोय.

मीरारोडचा_बाळ्या
पहिल्या आठवड्यात नसेल माहीत. पगार हातात पडल्यावर कोण विचारतो काका?

नाशिकची_नीता
विचारणारे असतात हो. माझ्या भाच्यानं तिसऱ्या दिवशी सोडली अशी नोकरी.

पहाट_दव
मीरा रोडचं नंतर बोला प्लीज. एक लिहायचं राहिलं होतं. म्हणजे लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. प्रत्येकी ५०० डॉलरची दोन गिफ्ट कार्डं घेतली मी. बाँड आहे, केस बंद झाली की परत मिळेल म्हणाला. एकाचा नंबर वाचून दाखवला, दुसऱ्याचा वाचताना फोन कट झाला. म्हणून ५ ला परत करणार आहे.

खडूस_काका
पैसे मागितले का, हे दुसऱ्याच ओळीला विचारलं होतं मी.

टेक्सासचा_तात्या
काका, थांबा. पहाट, कार्डाच्या मागे कंपनीचा नंबर असतो, तो आत्ता लावा, फसवणूक झाली म्हणून सांगा, पैसे गोठवता आले तर गोठवतील. पावती आणि दोन्ही कार्डं जपून ठेवा. सोशल सिक्युरिटी नंबर दिलात का?

पहाट_दव
शेवटचे चार आकडे. आणि जन्मतारीख.

टेक्सासचा_तात्या
मग इक्विफॅक्स, एक्सपिरियन, ट्रान्सयुनियन, या तिन्ही क्रेडिट कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नावावर कुणी कर्ज काढू शकणार नाही. फुकट आहे. तक्रार एफटीसीकडे (ग्राहकांच्या तक्रारी घेणारं सरकारी खातं) आणि एफबीआयच्या आयसी३ या सायबर तक्रारींच्या साइटवर. पण आधी कार्डवाले.

ग्रीनकार्ड_कधी
डॅलसमध्ये कुठे तुम्ही? आम्ही फ्रिस्कोला. घर घ्यायचा विचार असेल तर बायको रिअल्टर आहे.

पहाट_दव
कार्डवाल्यांशी बोलले. पहिल्यातले गेले, तोवर वापरूनही झाले होते. दुसरं वाचलं. एआर-११ भरला, पाच-सात मिनिटांचं काम होतं. ५ ला फोन आला, उचलला नाही. मग ५:०४ ला, ५:१० ला, ५:१२ ला. आता दुसऱ्याच नंबरवरून येतोय. नवरा ६ ला उतरेल, त्याला ५०० डॉलरचं कसं सांगू ते सुचत नाहीये.

खडूस_काका
त्याचाही एआर-११ राहिलाय ना? तिथून सुरुवात करा.