बडोदा ते मेलबर्न नक्की किती तास? तीन ठिकाणी तीन आकडे!

दांडियाबाजार_२२: आईला मेलबर्नला पाठवायचंय. नकाशावर मुंबईपासून अंतर ९,८०० किमी, ताशी ९००ने धरलं तर ११ तास. तिकिटावर मुंबई २३:३०, मेलबर्न दुसऱ्या दिवशी २०:३०, म्हणजे २१ तास. बुकिंगच्या पानावर १५ तास ३० मिनिटं. खरं कुठलं? लवकर सांगा, तिकडे भावाला सुट्टी टाकायचीय.

नकाशेवाला: थेट विमान आहे की मध्ये थांबा? तारीख कोणती? त्याशिवाय हिशेब जमणार नाही.

एक्स्प्रेसवे_प्रेमी: मुंबई कशाला? अहमदाबाद ११० किमीवर आहे, घरून गाडीने दोन तास.

दांडियाबाजार_२२: अहो, तिकीट काढून झालंय! सिंगापूरला अडीच तास थांबा आहे, ते लिहायचं राहिलं. १२ नोव्हेंबर.

नकाशेवाला: हेच आधी हवं होतं. मुंबई–सिंगापूर ३,९२० किमी, साडेपाच तास. थांबा अडीच. सिंगापूर–मेलबर्न ६,०३५ किमी, साडेसात. झाले साडेपंधरा. तिकिटावरच्या २१मधले उरलेले साडेपाच तास प्रवासाचे नाहीत, घड्याळाचे; मेलबर्नचं घड्याळ आपल्या पुढे आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मेलबर्नची घड्याळं तासभर पुढे जातात, ती एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात. नोव्हेंबरात फरक साडेपाच तास, जूनमध्ये साडेचार.
आणि ताशी ९०० फक्त वर उंचीवर. धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं यात वेळ जातो, आणि थांबा असला की ते सगळं दोनदा.

खाडीवाला: दुबईमार्गे न्यायचं होतं. विमानं मोठी, जेवण चांगलं.

नकाशेवाला: पूर्वेला जायचं तर आधी पश्चिमेला कशाला? मुंबई–दुबई १,९२५ आणि पुढे ११,६४५, मिळून १३,५७०. सिंगापूरमार्गे ९,९५५, सरळ रेषेपेक्षा जेमतेम दीडशे किमी जास्त.

खाडीवाला: किलोमीटर मोजून म्हाताऱ्या माणसाला आराम मिळतो का?

पीएनआर_काकू: भांडणं नंतर. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत ना? असतील तर मुंबईतच दोन्ही बोर्डिंग पास घ्या आणि बॅगेच्या टॅगवर मेलबर्नचा एमईएल कोड छापलाय का ते बघा. सिंगापूरचा एसआयएन एवढाच असेल तर काउंटर सोडू नका. वेगवेगळी तिकिटं असली तर बॅग सिंगापूरला उतरवून घ्यावी लागते, म्हणजे इमिग्रेशन आणि तिथला व्हिसा. अडीच तासांत जमायचं नाही.

दांडियाबाजार_२२: एकच पीएनआर. हुश्श.

बोरिवली_फास्ट: ट्रेनने जाणार असाल तर मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊ नका, बोरिवलीला उतरा. विमानतळाचं टर्मिनल २ तिथून जवळ. २३:३०च्या विमानाला आठपर्यंत आत हवं.

मांडवीचा_खवय्या: आईंच्या बॅगेत लिलो चिवडो, म्हणजे आपला बडोद्याचा ओलसर चिवडा, असणारच! सीलबंद पाकीट न्या आणि उतरण्यापूर्वी मिळणाऱ्या कार्डावर खाण्याच्या रकान्यात 'हो' लिहायला सांगा. लपवलं तर दंड. पेढे-बर्फी नकोच.

दांडियाबाजार_२२: चिवड्याचं कुणी विचारलं नव्हतं, पण पेढे काढतो. भावाला साडेआठला उभं राहा म्हणून सांगू?

पीएनआर_काकू: साडेआठला विमान टेकेल. इमिग्रेशन, बॅग, मग खाण्याची तपासणी. साडेनऊ सांगा. आणि व्हीलचेअर हवी असेल तर ४८ तास आधी एअरलाइनला कळवा, दोन्ही टप्प्यांसाठी. नुसती मुंबईची मागितली तर सिंगापूरला गेट शोधत त्या एकट्या फिरतील.

एक्स्प्रेसवे_प्रेमी: पुढच्या वेळी तरी अहमदाबाद बघा.