विषय: बाबांचं हेल्मेट (नाशिकहून)

नमस्कार मंडळी,

महिनाभर नाशिकला माहेरी आलेय. बाबा (वय ७१) रोज पहाटे गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत सायकल मारतात. मंगळवारी वळणावरच्या वाळूत चाक सरकलं आणि डाव्या अंगावर आपटले. कोपराला तीन टाके. मी मेलबर्नहून आणलेलं हेल्मेट नशिबाने डोक्यावर होतं. बाहेरून नुसता ओरखडा दिसतो, पण कानाच्या वरचं थर्माकोल अंगठ्याएवढं दबलंय, बारीक चीरही गेलीय. बाबा म्हणतात, "मखराचं थर्माकोल ते, ते काय वाचवणार?" आणि आज तेच घालून निघाले. चालेल का?


उत्तर: बाबांचं हेल्मेट

अगं, मुळीच नाही! बाबांचं अर्धं बरोबर आहे. ते मखरातलंच थर्माकोल, फक्त जास्त घट्ट. त्याचं कामच चेपायचं. ते चेपतं तेवढा अवधी डोक्याला थांबायला मिळतो, म्हणून मेंदूला हिसका कमी बसतो. पण एकदा चेपलं की पुन्हा फुगत नाही. त्याच जागी दुसऱ्यांदा लागलं तर मार थेट कवटीला.

युरोपात हेल्मेट साधारण दीड मीटरवरून सपाट लोखंडावर आपटून तपासतात, अमेरिकेत २ मीटरवरून. म्हणजे सायकलवरून पडलं तर डोकं जेवढ्या उंचीवरून येतं, साधारण तेवढंच. ट्रकपुढे त्याचा भरवसा धरू नये. तरी न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या दोघांनी ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वारांवरचे अभ्यास एकत्र केले, त्यात हेल्मेटवाल्यांना डोक्याची गंभीर दुखापत होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के कमी निघाली. मानेला इजा वाढते म्हणतात, तसं काही दिसलं नाही.

आणि बाबांना सांग, तुमच्याच गावचे महाजन बंधू २०१५ साली सायकलवर अमेरिका आडवी पार करून आले, तेही हेल्मेट घालूनच!

— काका, बेंडिगो


उत्तर: उत्तर: बाबांचं हेल्मेट

काका, महाजन बंधूंची मात्रा लागू पडली. कॉलेज रोडवरून नवं आणलं. बाबा ते गांधी टोपीसारखं मागे सरकवत होते. भुवईच्या वर दोनच बोटं जागा ठेवायची, हे तीनदा दाखवलं. जुन्यात आईला पुदिना लावायचाय. कुणी उचलून डोक्यावर घालू नये म्हणून पट्टे मात्र आधीच कापून टाकलेत.