गावच्या घरातल्या कॅमेऱ्यांसाठी कॉम्प्युटर: सुटे भाग आणून जोडावा की तयार घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आमचं घर गुहागर तालुक्यात आहे. तिथे आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात. मे महिन्यात वळवाच्या पावसात विहिरीजवळच्या माडावर वीज पडली आणि चार कॅमेऱ्यांचा जुना डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं यंत्र) गेला. आभाळ भरून आल्याबरोबर बाबांनी नेहमीप्रमाणे प्लग काढून ठेवला होता. तरी गेला, कारण विहिरीवरच्या कॅमेऱ्याची साठेक मीटर तांब्याची केबल मागे तशीच जोडलेली होती. झाकण उघडून पाहिलं, तर त्या एका केबलच्या तोंडाशी बोर्ड काळा पडलेला आणि बाकी सगळं नव्यासारखं.

आता नव्याने सहा आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे घेतोय: बेडं (फाटक), अंगण, मागीलदार, गोठा, विहीर आणि एक कलमांच्या बाजूला. सगळे ४ मेगापिक्सेलचे, पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेऊन, चालणारे. अडलंय ते रेकॉर्डिंगच्या यंत्रावर.

दुकानदार म्हणतो, आठ चॅनेलचा तयार एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग यंत्र) घ्या आणि मोकळे व्हा. पण जुन्या यंत्राने आमचा जीव नको केला होता. माडाची झावळी हलली की सूचना, पाऊस लागला की सूचना, दिव्यावर पाकोळ्या आल्या की सूचना. आई रात्री दोन-दोनदा उठून फोन बघायची. शेवटी तिने आवाजच बंद करून टाकला आणि मग कॅमेरे असून नसल्यासारखेच. म्हणून मला 'फ्रिगेट' हे कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर चालवायचंय. ते चित्रात माणूस आहे की जनावर आहे हे ओळखतं आणि ठरवलं तेवढ्यासाठीच कळवतं. सगळं घरातल्या यंत्रावर चालतं, चित्रं बाहेर कुठे जात नाहीत. पुण्यात एका कॅमेऱ्यावर महिनाभर चालवून पाहिलं, समाधान झालं.

साठवणीचा हिशेब असा केलाय: एका कॅमेऱ्याचा प्रवाह ४ एमबीपीएस धरला तर दिवसाला ४३ जीबी, सहांचे साधारण २६० जीबी. पंधरा दिवस ठेवायचे तर ४ टीबीची डिस्क जेमतेम पुरते. डिस्क सीसीटीव्हीसाठीची, म्हणजे डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक घेईन. चोवीस तास लिहिणं साध्या डिस्कच्या माथी मारायचं नाहीये.

यंत्राचे तीन पर्याय डोळ्यासमोर आहेत.

एक, स्वतः जोडणं. कॉलेजात असताना दोन जोडलेत, हात बसलेला आहे. डिस्कला भरपूर जागा, हवे ते भाग. फक्त इंटेलचा प्रोसेसर घेताना नावापुढे 'एफ' असलेला नको, कारण त्यात ग्राफिक्स नसतं आणि सहा कॅमेऱ्यांचा व्हिडिओ उलगडायला मला तेच हवंय. इथे माझी खरी अडचण निराळी आहे. उद्या एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा भाग) गेला तर बाबा काय करतील? त्यांचं वय ७४. गावात सुटा भाग मिळत नाही, चिपळूण गाठावं लागतं. आणि पंख्याच्या जाळीतून मुंग्या आणि पाली आत शिरतात. इन्व्हर्टरमध्ये पाल जाऊन तो बंद पडलेला मी स्वतः साफ केलाय.

दोन, एन१०० प्रोसेसरचा तयार मिनी पीसी, तोही बिनपंख्याचा. वीज फार कमी खातो. जोडलेला पीसी ६० वॅट घेतो असं धरलं तर महिन्याला ४३ युनिट, हा १५ वॅट धरला तर ११. बिलापेक्षा मला इन्व्हर्टरची काळजी जास्त आहे. पावसाळ्यात गेलेली वीज कधीकधी दुसऱ्या दिवशी येते. पण यात साडेतीन इंची डिस्क बसत नाही. बाहेर डबा लावायचा, त्याला वेगळा अडॅप्टर आणि मधे यूएसबीची वायर. केर काढताना ती हलली की रेकॉर्डिंग थांबलं, आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

तीन, ऑफिसातून निघालेला छोटा डेस्कटॉप, आठव्या पिढीचा आय५. मोठी डिस्क आत बसेल असाच बघून घ्यायचा. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच. मन याच्याकडे झुकतंय, पण जुनं यंत्र खाऱ्या हवेत किती तग धरेल याची धास्ती वाटते.

ज्यांनी खरंच चालवलंय त्यांनी कृपया सांगा:

सहा कॅमेरे आणि फ्रिगेट एन१०० झेपवतो का? ओळखण्याचं काम मी कमी रिझोल्यूशनच्या दुसऱ्या प्रवाहावर आणि ओपनव्हिनोने (हे काम इंटेलच्या चिपवर वेगात करणारं सॉफ्टवेअर) करणार आहे.

वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावं ही सोय बायॉसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) असते हे माहीत आहे. स्वस्त मिनी पीसीत ती भरवशाने चालते का?

आणि बाबांची एकच मागणी: वांदर आले की फोन वाजला पाहिजे. फ्रिगेटबरोबर येणारं मॉडेल कुत्रा, गाय, मेंढी, अगदी जिराफही ओळखतं, पण माकड त्याच्या यादीत नाही. कोणी स्वतःचे फोटो देऊन शिकवलंय का? कलमं धरल्यावर बाबा पहाटेपासून काठी घेऊन बसतात, तेवढं तरी त्यांचं टळावं.

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. विहिरीपर्यंत तांब्याऐवजी फायबर टाकायचं आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला नेटवर्कची साधी केबल जोडणाऱ्या डब्या) लावायचे, हे पटलं, तसंच करतोय. तिथल्या कॅमेऱ्याला वीज विहिरीच्या पंपघरातून देईन. इंटरनेटकडे पोर्ट उघडे न ठेवता टेलस्केलवरून (खासगी नेटवर्क जोडून देणारी सेवा) बघायचं, हेही ठरलं. यंत्र तिसऱ्या पर्यायातलं घेतोय आणि तसंच दुसरं एक आणून, सगळं बसवून, कपाटात ठेवणार आहे. बिघडलं तर बाबांनी फक्त डिस्क आणि दोन वायरी बदलायच्या. वायरींना रंगीत चिकटपट्ट्या लावतोय. गणपतीला घरी जाईन तेव्हा त्यांच्याकडून एकदा करून घेईन. वांदरांचं मात्र अजून कोणी सांगितलं नाहीये, त्याची वाट बघतोय.