निपुणचे निकाल ग्रामसभेत वाचायचे का?

माळावरचा मास्तर: लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या 'निपुण' या सरकारी मोहिमेबद्दल काल इथे एकांनी लिहिलं, 'निपुणचे शाळावार निकाल ग्रामसभेत वाचा, मास्तर आपोआप सुधारतील.' रात्रभर डोक्यातून गेलं नाही. माझी शाळा द्विशिक्षकी, पट 19, तिसरीत मुलं 4. त्यातलं एक आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलं आणि वाचनात मागे पडलं, की तिसरीचा निकाल थेट 75 टक्के. आम्हा शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत माझा निकाल खुशाल फाडा, तिथे सगळ्यांना पट माहीत असतो. चावडीवर नुसता आकडा ऐकून लोक मुलं इंग्लिश मीडियमच्या गाडीत बसवतात.

चौथीची आई: मग आम्हाला कळायचं कधी, गुरुजी? प्रगतिपुस्तकात तीन वर्षं 'वाचनात रुची घेते' असंच लिहून आलं. एक दिवस पोरीला रेशनकार्ड वाचायला दिलं, तर जोडाक्षरापाशी अडली आणि रडायलाच लागली. तुमच्या परिषदेत तिचं नाव कुठल्या रकान्यात होतं?

निवृत्त केंद्रप्रमुख: 'असर' या शैक्षणिक पाहणीची माणसं 2005 पासून घरी जाऊन मुलाच्या हातात एक कागद देतात. अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. शेजारी बसलेल्या आईला टक्केवारी सांगावी लागत नाही, ती कानांनी ऐकते. छापील अहवाल राज्याचा आणि जिल्ह्याचा, त्यात गावाचं नाव नसतं. आईला पोराचं वाचन, सरकारला एकूण आकडा, असं हवं.

माळावरचा मास्तर: आणि पेपरात मथळा येतो, 'पाचवीच्या मुलांना दुसरीचं वाचता येईना'. मग दुकानात सुपारी मागायला गेलो तरी मलाच विचारतात. 4 डिसेंबर 2024 ची 'परख' ही सरकारी पाहणी नमुन्यातल्या शाळांत झाली. माझी शाळा त्यात नव्हती, बोलणी मात्र मी खाल्ली.

रोजंदारीवाला बाप: निकाल राहू द्या, पालकसभा सकाळी अकराला का? गेलो की रोज बुडतो. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक. आमच्या गावी सभेची वही घरी येते, सही करायची, झाली सभा.

माळावरचा मास्तर: संध्याकाळी सातला ठेवली तर माझ्या सहकारी बाई घरी कशा जातील? शेवटची एसटी साडेपाचला आहे.

रोजंदारीवाला बाप: मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहायचं म्हणून घरभाडं भत्ता घेता ना?

माळावरचा मास्तर: घरभाड्यावर येऊ नका! संडास असलेली एक खोली गावात दाखवा, उद्या सामान आणतो. चार वर्षं शोधतोय.

रोजंदारीवाला बाप: आम्ही राहतो त्याच गावात. आमच्या पोरांना चालतं, तुम्हाला चालत नाही.

चौथीची आई: खोलीचं नंतर भांडा. माझ्या पोरीचं काय?

माळावरचा मास्तर: ताई, प्रगतिपुस्तकातली ती भाषा आम्हीही वापरतो, हे नाकारत नाही. शाळेचा टक्का चावडीवर वाचणार नाही, त्यावर मी ठाम आहे. पण एकेका आईला बसवून तिच्यासमोर पोराला वाचायला लावीन. बाजाराच्या दिवशी, सकाळी आठला.

रोजंदारीवाला बाप: बाजाराला आमची सुट्टीच असते, जमेल. आमच्या गुरुजींनाही हीच वेळ सांगतो. खोलीचं मात्र मला पटलेलं नाही.