डोंगर कापलाय तिथे थर दिसतायत, आधीचा कुठला नंतरचा कुठला कसं ओळखायचं?

खारघरचा_बाबा
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या मागे रस्त्यासाठी डोंगर उभा कापलाय. खाली काळा दगड, त्यावर वीतभर गेरूसारखी लाल पट्टी, पट्टीच्या वर परत काळा दगड. आणि या सगळ्यातून खालून वर एक उभी काळी भिंत गेलीये, दोन-तीन हात रुंद, तिला आडवे आडवे तडे. लेक नववीत आहे, तिने विचारलं यातलं आधी काय आलं, मी म्हटलं खालचं जुनं वरचं नवं, त्यात काय. तर म्हणे ही भिंत तर तळापासूनच सुरू होतेय, मग ती पण जुनी का? आता बोला. भूगर्भवाले नुसतं बघून सांगतात म्हणे, ते कसं काय?

तलावपाळी_तात्या
अहो कार्बन डेटिंग करतात, तुकडा लॅबला पाठवा, आकडा हातात.

दगडधोंडे
तात्या, कार्बन इथे कामाचा नाही. तो लाकूड, हाडं, कोळसा असल्या कधीतरी जिवंत असलेल्या गोष्टींना लागतो आणि तोही साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच. आपला काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा लाव्हा, त्याचं वय काढायला आर्गॉनवाल्या पद्धती लागतात. पण बाबांनी वय विचारलेलंच नाहीये, क्रम विचारलाय, आणि त्याला लॅब लागत नाही.

खालचं जुनं हा नियम निकोलस स्टेनो नावाच्या डॅनिश डॉक्टरने १६६९ मध्ये इटलीत बसून लिहून ठेवला. त्यानेच हेही सांगितलं की थरांना छेदून जाणारी गोष्ट थरांच्या नंतरची. भिंतीतून पाईप टाकायला आधी भिंत लागते ना, तसं. तुमची उभी भिंत म्हणजे डाइक, खालून लाव्हा फटीत घुसला आणि तिथेच थिजला. त्यामुळे ती तळापासून दिसली तरी तिने कापलेल्या सगळ्यांपेक्षा धाकटी. लेकीला सांगा, प्रश्न एक नंबर आहे.

खात्री करायची असेल तर भिंग घेऊन डाइकची कड बघा. गार दगडाला टेकल्यामुळे कडेचा लाव्हा पटकन थिजतो, म्हणून कडेला दाणा एकदम बारीक आणि मध्ये जरा जाड. ते आडवे तडेही गार होतानाचेच, बाजूच्या दगडाला काटकोनात पडतात.

लाल पट्टीला आम्ही बोल म्हणतो. खालचा लाव्हा थंड झाला, त्याचा माथा ऊन-पावसात कुजून माती झाली, कुठे कुठे ज्वालामुखीची राखही त्यात असते, आणि मग वरून पुढचा लाव्हा आला त्याने ती भाजली. म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मध्ये बराच काळ शांतता होती. किती ते पट्टीच्या जाडीवरून काढायला जाऊ नका, तसं निघत नाही.

बोअरवाला_पनवेल
आम्ही बोअर मारताना बोल लागला की लगेच कळतं, पाणी लालभडक येतं. मग मांजऱ्या लागतो, भोकं भोकं आणि त्यात पांढरे खडे भरलेले. पण माझा प्रश्न वेगळा आहे, एका प्लॉटला शंभर फुटावर बोल लागला आणि पलीकडच्या प्लॉटला दीडशेवर, तर तो एकच थर समजायचा का?

दगडधोंडे
नुसत्या लाल रंगावर नाही समजायचा, लाल पट्ट्या ढिगाने आहेत आणि सगळ्या सारख्याच दिसतात. मांजऱ्याची मात्र मदत होते. लाव्ह्यातले बुडबुडे वर चढतात, त्यामुळे भोकांची गर्दी लाव्ह्याच्या माथ्याकडे, पोटात घट्ट दगड. तेवढ्यावरून एक लाव्हा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते लागतं.

लांबच्या दोन जागा जोडायला गाळाच्या खडकांत जीवाश्म वापरतात. इंग्लंडमध्ये कालव्यांची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथने थराथरातले शंख-शिंपले ओळखून १८१५ मध्ये अख्खा नकाशा काढला. आपल्याकडे लाव्ह्यात जीवाश्म कुठून येणार, ते सापडले तर मधल्या गाळात, वरळीला बेडकांचे सापडलेत तसे. त्यामुळे इथे दगडाचं रसायन आणि त्यात गोठलेली चुंबकीय दिशा बघतात.

पारसिकवाली
मग जितकं उंच तितकं नवं ना? म्हणजे माथेरानचा माथा मुंबईपेक्षा नवा?

दगडधोंडे
ताई इथेच गोची आहे 😀 उलट आहे ते. पनवेलच्या पट्ट्यात थर पश्चिमेकडे वाकलेत, याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. थर समुद्राकडे झुकलेले, त्यामुळे पश्चिमेला जाल तसे वरचे वरचे थर खाली जमिनीलगत भेटतात. म्हणून मुंबईतले लाव्हे समुद्राला टेकलेले असूनही घाटातल्या उंच थरांपेक्षा नंतरचे. आधी झुकाव बघायचा, मग वर-खाली म्हणायचं.

खारघरचा_बाबा
वा, खूपच मजा आली. आत्ताच लेकीने गॅलरीतून दुर्बिणीने बघून नवीन काढलंय, डाइक लाल पट्टी कापून वर गेलीये पण वरच्या काळ्या दगडात अर्ध्यावरच संपतेय. मग वरचा अर्धा दगड तिच्या नंतरचा का?

दगडधोंडे
तसं लगेच म्हणता नाही येणार. दोन शक्यता आहेत. एक, फट तिथेच संपली आणि लाव्हा वर पोचलाच नाही, मग अख्खा दगड आधीचाच. दुसरी, तिथे दोन लाव्हे आहेत, डाइक खालच्यापुरती आली, तिचा माथा झिजला आणि मग वरचा लाव्हा पसरला. टोक निमुळतं असेल तर पहिली. सपाट छाटल्यासारखं असेल आणि त्या उंचीला आडवी रेघ किंवा भोकांची गर्दी दिसत असेल तर दुसरी. टोकाचा झूम करून फोटो टाका, आजूबाजूचे दोन-तीन हात यायला हवेत. रस्त्याच्या पलीकडूनच काढा हां, पावसात कापलेल्या डोंगराचे दगड सुटतात.