बंद पडलेला इंटेलिजे प्लगइन सोर्सवरून बिल्ड करून लॅबमध्ये टाकायचा आहे

मिरजेच्या_मॅडम
नमस्कार. मी पॉलिटेक्निकमध्ये जावा शिकवते. इंडेंटेशनची प्रत्येक पातळी वेगळ्या रंगात दाखवणारा एक छोटा प्लगइन आम्ही इंटेलिजे कम्युनिटी या कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये (आयडीईत) वापरायचो. पहिल्यांदाच लूपमध्ये लूप लिहिणाऱ्या मुलांना आपण कुठल्या पातळीवर आहोत हे त्यामुळे चटकन दिसतं. यंदा लॅबमध्ये २०२४.३ आलं आणि प्लगइन चालेना, आवृत्ती जुळत नाही म्हणतो. लेखकाने काम थांबवलंय, पण सोर्स गिटहबवर आहे, लायसन्स अपाची २.०.

क्लोन करून (स्वतःकडे उतरवून) बिल्ड लावलं, म्हणजे सोर्सवरून प्लगइन तयार करायला घेतला, तर 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५' म्हणून थांबतं. माझ्याकडे जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) २१ आहे. प्लगइनची माहिती असलेल्या प्लगइन डॉट एक्सएमएल फाइलमध्ये अनटिल-बिल्ड (आयडीईच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत चालेल तो आकडा) २३३ होतं, ते २४३ करून ठेवलंय. लॅबला इंटरनेट नाही, त्यामुळे एकदाच नीट बिल्ड करून सगळीकडे टाकायचं आहे.

दर्यावर्दी
२१ काढून १७ टाका, होऊन जाईल.

अंबाजोगाईचा
मॅडम, २१ काढू नका, तुमच्या बाकीच्या कामाला लागेल. १७ शेजारी ठेवा आणि फक्त त्या टर्मिनलपुरतं जावा होम (कुठली जावा वापरायची ते सांगणारं सेटिंग) १७ कडे वळवा.

६५ हा आकडा जावा २१ चा आहे. १७ चा ६१, ११ चा ५५. तुमच्या कोडमध्ये काही बिघडलेलं नाही. प्रोजेक्टसोबत आलेलं ग्रेडल, म्हणजे बिल्ड करणारं साधन, जुनं आहे आणि त्याला २१ वर चालता येत नाही. ग्रेडल २१ वर चालायला लागलं ते ८.५ पासून. ग्रेडलची आवृत्ती ठरवणाऱ्या रॅपरच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ७.६ असं काही दिसलं, तर हेच कारण. ग्रेडलच वाढवावं असं वाटेल, पण मग बिल्ड स्क्रिप्टमधल्या इतर गोष्टी तुटतात आणि मूळ काम बाजूला राहतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्लगइन डॉट एक्सएमएलमधला तुमचा बदल बहुधा झिपमध्ये पोचणारच नाही. इंटेलिजे बनवणाऱ्या जेटब्रेन्सच्या ग्रेडल प्लगइनची १.एक्स आवृत्ती असेल, तर बिल्ड होताना ती सिन्स-बिल्ड (कुठल्या आवृत्तीपासून चालेल ते) आणि अनटिल-बिल्ड स्वतःच लिहिते, ज्या आयडीईवर प्रोजेक्ट बांधलाय तिच्यावरून. २०२३.३ वर बांधलं की पुन्हा २३३. बदल करायचा तो बिल्ड स्क्रिप्टमध्ये: पॅच-प्लगइन-एक्सएमएल या टास्कमध्ये अनटिल-बिल्ड '२४३.*' द्या. आकडा वाचायला सोपा आहे, २०२४ चे २४ आणि तिसऱ्या रिलीजचे ३.

पण नुसता आकडा वाढवून मुलांच्या हातात देऊ नका, ही कळकळीची विनंती. 'मी इथपर्यंत तपासलंय' असं लेखक त्या आकड्यातून सांगतो. तो पुढे ढकलला की तपासायची जबाबदारी आपली. १.एक्समध्ये 'रन प्लगइन व्हेरिफायर' हे टास्क आहे, त्याला २०२४.३ द्या. प्लगइनला हवी असलेली एखादी मेथड नव्या आयडीईतून गेली असेल तर ते नावानिशी सांगतं. डेप्रिकेटेडचे (वापरू नका म्हटलेल्या, पण अजून चालणाऱ्या मेथडचे) इशारे आत्ता सोडून द्या. 'कंपॅटिबिलिटी प्रॉब्लेम' म्हटलं असेल तर तिथे कोड बदलावाच लागेल.

आणि हे सगळं चालवण्याआधी बिल्ड स्क्रिप्ट एकदा पूर्ण वाचा. ती आपल्या मशीनवर आपल्या परवानगीने चालते. अनोळखी रेपो (गिटहबवरचा सोर्सचा साठा) असेल तर एवढा वेळ द्यायलाच हवा.

मग 'बिल्ड प्लगइन' टास्क. पहिल्या वेळी ग्रेडल स्वतःला, लायब्रऱ्यांना आणि अख्खी आयडीई उतरवून घेतं, म्हणून हे घरच्या नेटवर करा. तयार झिप बिल्डच्या आत 'डिस्ट्रिब्युशन्स' फोल्डरमध्ये मिळेल. शेजारी 'लिब्स'मध्ये जार दिसते, ती उचलू नका; प्लगइनला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या तिच्यात असतीलच असं नाही. सेटिंग्ज, प्लगइन्स, वरचं दातेरी चाक, 'इन्स्टॉल प्लगइन फ्रॉम डिस्क', आणि झिप न उलगडता तशीच द्यायची.

मिरजेच्या_मॅडम
सर, झालं! १७ वर बिल्ड सरळ गेलं. व्हेरिफायरने दोन डेप्रिकेटेड मेथड दाखवल्या, प्रॉब्लेम एकही नाही. माझ्या मशीनवर रंग दिसतायत. आता लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर सेटिंग्ज उघडत बसायचं का?

दर्यावर्दी
नाही ताई. झिप उलगडून आतला फोल्डर जसाच्या तसा प्लगइन्स फोल्डरमध्ये टाका. विंडोजवर ॲपडेटा, रोमिंग, जेटब्रेन्स, आयडियाआयसी२०२४.३, प्लगइन्स. त्या वेळी आयडीई बंद हवी. हा फोल्डर प्रत्येक युजरचा वेगळा असतो, त्यामुळे मुलं ज्या लॉगिनने बसतात त्यातच टाका. कॉपीसाठी छोटी बॅच फाइल पुरेल.

अंबाजोगाईचा
बरोबर. फक्त त्याआधी आवृत्तीच्या क्रमांकाला '-लॅब' अशी शेपटी जोडून पुन्हा एकदा बिल्ड करा. प्लगइनची आयडी मूळचीच आहे, त्यामुळे पुढे कुणी अडचण सांगितली तर मूळ प्लगइन आहे की तुमचा, हे यादीतच कळेल. बदललेल्या फाइलींत 'आम्ही बदल केला' अशी नोंदही ठेवा. बदललेली प्रत दुसऱ्याला देताना अपाची लायसन्सची ती अट आहे. आणि अनटिल-बिल्डचा बदल मूळ रेपोला पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घ्यायची विनंती) म्हणून पाठवा. लेखक उत्तर देईल न देईल, पण हाच प्लगइन शोधत येणाऱ्या पुढच्या शिक्षकाला तो तिथे सापडेल.