केमो चालू असताना कोव्हिशील्ड: कधी आणि कोणत्या हातात?

प्रश्न (जून 2021)
आई, वय 52. डाव्या स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालंय, काखेतले नोड (लसिका ग्रंथी) काढलेत. दर 21 दिवसांनी केमो. नातेवाईक म्हणतात, केमोत लस म्हणजे विषाची परीक्षा. थांबावं का?

उत्तर 1
थांबू नका. कोव्हिशील्डमधला विषाणू शरीरात वाढू शकत नाही, कोव्हॅक्सिनमधला तर मेलेलाच असतो. प्रतिकारशक्ती कितीही खालावली तरी लसीतून कोविड होत नाही.

खरा प्रश्न दिवसाचा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. लसीचा ताप पहिल्या दोन दिवसांत येतो; तो नेमका तेव्हा आला तर लसीचा की जंतुसंसर्गाचा, हे कळणं अवघड. म्हणून पुढच्या सायकलच्या काही दिवस आधी, सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) बघून लस घ्या. ताप 100.4च्या वर गेला तर क्रोसिन देऊन वाट बघत बसू नका, ऑन्कोलॉजिस्टला लगेच फोन करा.

हात उजवाच, कारण नोड डाव्या काखेतले काढलेत. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) 50,000च्या खाली असतील तर आधी विचारा. बारीक सुई, नंतर दोन मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही.

उत्तर 2
पेट स्कॅन (PET, कॅन्सर कुठे पसरलाय ते दाखवणारा) ठरलाय का? लसीनंतर त्या बाजूच्या काखेतले नोड सुजतात आणि स्कॅनवर चमकतात; कॅन्सर पसरल्याची उगाच धास्ती बसते. चालणार असेल तर स्कॅन 4-6 आठवड्यांनी करा. तातडीचा असेल तर पुढे ढकलू नका, फक्त फॉर्मवर लसीची तारीख आणि हात लिहा.

उत्तर 3
लिम्फोमावाल्यांसाठी (लसिका ग्रंथींचा कॅन्सर): रिटुक्सिमॅब या औषधानंतर सहाएक महिने अँटिबॉडी जेमतेम तयार होतात. लस सुरक्षितच, पण भरवसा कमी. मास्क ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना लस द्या. लशीसाठी उपचार मनाने थांबवू नका. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर किमान तीन महिने जाऊ द्यावे लागतात.

उत्तर 1
एक राहिलं. केमोत डोसेटॅक्सेल हे औषध आहे का? त्यात पॉलिसॉर्बेट 80 (औषध नीट मिसळावं म्हणून घातलेला घटक) असतं, कोव्हिशील्डमध्येही असतं. डोसेटॅक्सेलची जोरदार ॲलर्जी आली असेल (धाप, अंगावर गांधी उठणं, बीपी उतरणं) तर केंद्रावर जाण्याआधीच डॉक्टरांना सांगा. कोव्हॅक्सिनमध्ये ते नाही.